पाटीसकट

“सुनंदा, गाडी मागं घे. लायनीत लावू नको.”

“लायनीत कुटं लावल्येय आप्पा? लायन अजिंक्याच्या गाडीशी संपते. मी तिच्या मागं हाय.”

“लायनीच्या मागं म्हणजे लायनीतच की गो.”

“मग पुढं लावू?”

स्टँडवर हशा पिकला. आप्पा मयेकरही हसले, पण ‘मागं घे’ म्हणणारा हात त्यांनी खाली केला नाही. ओरडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं आणि त्याची कधी गरजही पडत नसे. मिरकरवाडा बंदराबाहेरचा हा रिक्षा स्टँड त्यांनी उभा केला होता. पत्र्याची शेड, तिच्यातलं बाकडं, पाण्याचा माठ, सगळं त्यांच्या खटपटीनं आलेलं. त्यांनी मागं घे म्हटलं की गाडी मागं जायची.

सुनंदानं गाडी मागं घेतली. बर्फाच्या कारखान्याचा कोपरा, जिथला रस्ता बारा महिने ओला असतो, तिथं नेऊन उभी केली. मग उतरून ती चालत पुन्हा शेडपाशी आली.

“घेतली मागं. आता सांगा, नंबर कदी देता?”

नंबर म्हणजे स्टँडवरची हक्काची जागा. ज्याची गाडी लायनीत पुढं, गिऱ्हाईक त्याचं; ते घेऊन तो गेला की मागचा पुढं सरकायचा. नंबरवाल्याला पावसात डोक्यावर पत्रा असतो, दुपारी डुलकी काढायला बाकडं असतं, आणि रस्त्यात कुणाशी वाजलं तर पाठीशी सगळा स्टँड असतो. नंबर नसलेल्यानं कोपऱ्यावर उभं राहायचं आणि लायनीनं नाकारलेलं गिऱ्हाईक घ्यायचं. सुनंदाची गाडी विजेवर चालणारी तीनचाकी होती. मागं समोरासमोर दोन बाकं, बाकांखाली बॅटऱ्या, आणि सुरू झाली की बारीक गुरगुर. अजिंक्य, स्टँडवरचा सगळ्यात तरुण रिक्षावाला, तिला मिक्सर म्हणायचा. “आला बगा मिक्सर! कुनाचं वाटप वाटायचं राह्यलंय काय?” हे तो रोज म्हणायचा, आणि लोक रोज हसायचे.

“हे बग, राग मानू नको,” आप्पा म्हणाले. “तुझ्या गाडीला धूर नाय, पेट्रोल नाय, सगळा मान्य. पण चढाला काय करतंस? बायकांना उतरवतंस. उद्या दवाखान्यात न्यायचा पेशंट बसला तर त्यालाबी सांगशील, वायच चाला म्हणून?”

“पेशंट एकटा असतो आप्पा. दोघा-तिघांना गाडी उचलते. माझ्या गाडीत चार मच्छीवाल्या न त्यांच्या भरलेल्या पाट्या असतात. तुमच्या गाडीत घाला बगू तेवढ्या पाट्या.”

“माझ्या गाडीत एकपन नाय घालनार.”

“ताच तर सांगत्येय.”

पुन्हा हशा. या वेळी तो आप्पांवर होता, म्हणून त्यांनी तो थोडा वेळ चालू दिला. मग म्हणाले, “न आवाजाचा काय? परवा नाक्यावर म्हातारा पडता पडता वाचला. मागून गाडी आलेली त्याला कळलीच नाय.”

हे खरं होतं. त्या म्हाताऱ्याचा वळलेला घाबरा चेहरा सुनंदाला दोन रात्री दिसत राहिला होता. तेव्हापासून ती गर्दीत शिरताना तोंडानं हाक देत जायची, “बाजू, बाबा, बाजू!” आणखीही पुष्कळ खरं होतं. रात्री तारेवर फांदी पडून वीज गेली की सकाळी गाडी अर्धपोटी निघायची. खड्ड्यांत पाणी साचलं की ती बैलासारखी बिचकायची. सुनंदा हे सगळं जाणत होती, आणि आप्पा जाणतात हेही जाणत होती.

“नारळी पौर्णिमा होऊन जाऊ दे,” आप्पांनी विषय मिटवला. “मीटिंग घेऊ. ठरवू.”

---

लग्न होऊन या गावात आल्यापासून सुनंदा शिवलकरनं डोक्यावर म्हावऱ्याची, म्हणजे मासळीची पाटी वाहिली होती. पहाटे बंदरावर लिलावात माल घ्यायचा, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, आणि बाजार ओलांडून, जयस्तंभावरून चढ चढून, वर मारुती मंदिराकडच्या घरांतून दारोदार फिरायचं. आधी मान दुखायला लागली. मग हाताला मुंग्या यायला लागल्या. मग एक दिवस चहाचा कप हातातून आपोआप गळून पडला. डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडावर धरला आणि सांगितलं, मानेचे मणके झिजलेत. यापुढं डोक्यावर ओझं म्हणून ठेवायचं नाही.

नवरा ट्रॉलरवर खलाशी, समुद्रावरून येईल तेव्हा घरी. घरात ती आणि सासरे. सुनंदा घरी बसली, आणि बसल्यावर तिला कळलं की आपल्याला बसता येत नाही. मग बचत गटाच्या मदतीनं गाडी आली, लायसन्स आलं. साडीचा काष्टा घट्ट करून ती पहिल्यांदा हँडल धरून बसली तेव्हा आळीतल्या बायका दारात उभ्या राहून बघत होत्या.

त्या बायकांनाच ती आता वर न्यायची. ओल्या पाटीला रिक्षावाले हात लावू देत नसत, एसटीत कंडक्टर चढू देत नसे. सुनंदानं बाकांच्या मध्ये पत्र्याचा ट्रे बसवून घेतला होता; पाट्या त्यात, बायका बाकांवर. जयस्तंभ मागं पडून चढाचा उभा तुकडा लागला की गाडी रडायला लागायची. तिथं बायका सांगण्याची वाट न पाहता उतरायच्या. पाट्या गाडीत राहायच्या आणि बायका मागून गप्पा मारत चालायच्या. माथ्यावर पुन्हा बसायच्या. आणि वरच्या घरांच्या गल्ल्यांत गाडी शिरली की तिच्या मुकेपणाचा उलटा फायदा व्हायचा. इंजिनाची फटफट नसल्यामुळं “बांगडेऽऽ, ताजे बांगडेऽऽ” ही आरोळी तिसऱ्या मजल्यावर स्वयंपाकघरात पोचायची.

“तुजी गाडी मुकी न आमी बोलक्या,” गंगुबाई म्हणायची. “जोडा जमला.” गंगुबाई त्यांच्यात सगळ्यात म्हातारी. वय विचारलं तर म्हणायची, “जुनी पाटी हाय, अजून गळत नाय.”

---

नारळी पौर्णिमेला बंदरात होड्या सजल्या होत्या. पताका, झेंडूच्या माळा, नव्या रंगाचा वास. सुनंदा आळीतल्या बायकांबरोबर समुद्राला नारळ द्यायला गेली आणि दुपारी घरी परतली, तर अंगणात तिची गाडी ओळखू येईना.

काचेवर हळदकुंकू, हँडलला आंब्याचा टहाळ, पुढं झेंडूचा हार. गाडीच्या आतली जमीन अशी लखलखत होती की तिच्यात तोंड दिसावं. दोन्ही बाकं उचलून भिंतीला लावलेली, आणि गाडीच्या पोटातून पाणी ठिबकत होतं. शेजारी बादली घेऊन तिचे सासरे भिकाजी उभे होते. उभं आयुष्य ते तांडेल होते, होडीचे म्होरके. गुडघे गेले म्हणून काठावर आले होते.

“तात्या, हे काय केलंत?”

“पोटात जाम घान व्हती,” भिकाजी म्हणाले. त्यांचा चेहरा आनंदानं फुलला होता. “आज सनाची होडी अशी ठेवतात काय कोन? चार बादल्या आनल्या समुद्रावरना.”

“समुद्राचं पानी?”

“मग? गोड्या पान्यानं धुतली असती म्हंजे कुजली असती.”

लाकडाच्या होडीसाठी हे अगदी खरं आहे. खारं पाणी लाकूड राखतं, पावसाचं पाणी सडवतं. हे त्यांना त्यांच्या बापानं शिकवलं होतं आणि त्यांनी ते आयुष्यभर पाळलं होतं. पण बॅटरीच्या पट्ट्या लाकडाच्या नसतात. सुनंदानं सुकी फडकी घेऊन बाकांखालची जागा हाताला लागेल तिथपर्यंत पुसून काढली. मग किल्ली फिरवली. गाडी गुरगुरली.

“बगितलंस?” तात्या म्हणाले. “कशी खूश झाली ती.”

गॅरेजमध्ये नेऊन सगळं खोलून धुवून घ्यावं, असं तिच्या मनात आलं होतं. पण त्यासाठी तात्यांना सांगावं लागलं असतं की सणाच्या दिवशी तुम्ही हे काय करून ठेवलंत. तिनं ते सांगितलं नाही. दोघांनी मिळून गाडीपुढं नारळ फोडला.

चार-पाच दिवस काहीच झालं नाही. मग एका सकाळी चढाच्या ऐन मध्यावर गाडीनं एक आचका दिला आणि ती थांबली. पाट्या भरलेल्या, बायका मागून चालत. गाडी उलटी घरंगळायला लागली तेव्हा गंगुबाईसकट सगळ्यांनी पाठ लावली आणि कुणीतरी चाकाखाली धोंडा सारला. मागं वाहनांची रांग लागली. कुणी भोंगा वाजवत होतं, कुणी खिडकीतून उपदेश करत होतं.

त्या रांगेत अजिंक्यची रिक्षा होती. त्यानं ती बाजूनं काढून सुनंदाच्या मागं आणली.

रिक्षावाल्यांची एक रीत आहे. दुसऱ्याची रिक्षा रस्त्यात बंद पडली की मागून आपली आणायची, एक पाय बाहेर काढून पुढच्या गाडीच्या पाठीला टेकवायचा आणि तसंच ढकलत गॅरेजपर्यंत पोचवायचं. याला ‘पाय लावणं’ म्हणतात. त्यात ओळख बघत नाहीत, भांडण बघत नाहीत. अजिंक्यनं आधी सुनंदाच्या गाडीला हात लावून तो कपाळाला नेला, कारण पाय लावायचा होता. मग म्हणाला, “काकी, ब्रेक सोडा, हँडल सरळ धरा. मी हाय मागं.”

अर्ध्या वाटेवर त्याची आरोळी आली, “काकी, म्हावऱ्याचं पानी माझ्या बुटावर पडतंय!”

“मग बूट काढून पाय लाव!”

मागं चालणाऱ्या बायका एवढ्या हसल्या की भोंगा वाजवणाराही थांबला.

वर गॅरेजमध्ये मेकॅनिक सोहमनं बाक उचललं आणि वाकून बघतच राहिला. बॅटरीच्या टोकांवर पांढऱ्या-हिरव्या बुरशीसारखं पीक आलं होतं. “काकी, मिठागर काढलंत की हितं! पट्ट्या साफ करीन मी. पन ह्यो कंट्रोलर गेलाय, गाडीचा मेंदू. तो कोल्हापूरवरनं मागवावा लागंल. तुमची साधी रिक्षा असती तर संध्याकाळी नेली असतीत. ह्या गाडीचं सामान हितं ठेवतंय कोन?”

---

बातमी तिच्या आधी घरी पोचली होती. तात्या पडवीत भिंतीकडं तोंड करून बसले होते. ताटातला भात तसाच.

“मी बुडवली तुझी गाडी,” ते म्हणाले. “एवड्या वर्सांत एक होडी नाय बुडवली. तुझी बुडवली.”

सुनंदाला राग आला होता. वाटेत तिनं तो पुष्कळदा मनात बोलूनही घेतला होता. पण त्या पाठमोऱ्या माणसाकडं बघताना तिला दुसरंच काही सुचलं.

“तात्या, त्या गाडीला स्टँडवर मिक्सर म्हनतात. आळीत खेळना म्हनतात. तिला होडी समजून धुतलीत ती तुमी एकट्यानं. जेवा आता.”

त्यांनी वळून ताट ओढलं. “न पुढच्या वर्सी?”

“पुढच्या वर्सी नारळ फोडा, हार घाला. पान्याची बादली मी लपवून ठेवीन.”

सामान काही लवकर येईना. आज येतो, उद्या येतो करत दिवस जाऊ लागले, आणि बायकांनी पुन्हा चुंबळी काढल्या. सुनंदा सकाळी बंदरावर जायची आणि नुसती उभी राहायची. एकीमागून एक पाटी तिच्यासमोरून डोक्यावर चढून निघून जायची. कुणी तिला काही बोलत नव्हतं, आणि तेच तिला सोसवत नव्हतं.

एका सकाळी सोहमला तगादा लावायला म्हणून ती पायीच वर निघाली. चढाच्या मधोमध गटाराच्या कठड्यावर गंगुबाई बसलेली दिसली. चेहरा राखेसारखा, ओठ सुकलेले, पाटी पायाशी. रिक्षा येत होत्या, वेग कमी करत होत्या, पाटी बघून पुढं जात होत्या. सुनंदा पोचेपर्यंत एक थांबली. अजिंक्यची.

“आजी, बसा. वर सोडतो. पैशे नको.”

“पाटी धर.”

“पाटी नको आजी. ती ठेवा हितं दुकानात. तुमाला सोडतो.”

“मेल्या, मी काय वर हवा खायला चाल्लेय? पाटी वर जायला हवी. मी हितं बसले तरी चालंल.”

अजिंक्यनं सुनंदाकडं बघितलं. “काकी, तुमीच सांगा ह्यांना. गेल्या महिन्यात एका आजींची पाटी घेतली व्हती मी. बर्फाचं पानी सीटखाली गेलं. दोन दिवस वास. एक मॅडम बसल्या, नाकाला रुमाल लावला न माळनाक्यावर उतरून दुसरी रिक्षा केली. रोजचं गिऱ्हाईक व्हतं ता. परत बसल्या नायत. मी काय करू?”

तो खोटं बोलत नव्हता. त्याचा आवाज रडवेला झाला होता. गंगुबाईलाही ते कळलं असावं, कारण ती जरा मऊ झाली.

“जा रे बाबा तू. तुजी काय चूक नाय. पन मला उचलायचं न माजी पाटी रस्त्यात टाकायची, असल्या गाडीत मी बसनार नाय. पाटीसकट नेशील तर ने. नायतर बसत्येय हितंच.”

सुनंदानं पदर खोचला. गंगुबाईच्या मांडीवरची चुंबळ घेतली, डोक्यावर ठेवली आणि वाकली.

“काकी, अवो डॉक्टरनं काय सांगितलंय तुमाला!”

“डॉक्टर वरच ऱ्हातो. त्याला बांगडे घालून येते. हात लाव पाटीला.”

पाटी चढवायला दुसऱ्याचा हात लागतो. अजिंक्यनं क्षणभर आपल्या हातांकडं बघितलं, मग रिक्षातून उतरून पाटीची एक कड धरली. पाणी त्याच्या मनगटावरून शर्टात गेलं. सुनंदा ताठ झाली. मानेतून एक कळ खांद्यात उतरली, हाताच्या बोटांपर्यंत गेली आणि तिथंच राहिली. ती चालायला लागली. मागून गंगुबाई कठड्याला हात लावत लावत. आणि तिच्यामागं, माथा येईपर्यंत, अजिंक्यची मोकळी रिक्षा, बायकांच्या चालीनं, बाकीच्या गाड्यांना आडवी.

त्यानंतर दोन दिवस सुनंदाला केस विंचरता आले नाहीत. तात्यांनी शेजारच्या पोरीला हाक मारून तिची वेणी घालून घेतली.

---

कोल्हापूरचं सामान आलं, गाडी उभी राहिली, आणि त्याच दुपारी स्टँडच्या शेडमध्ये मीटिंग झाली. सुनंदाला निरोप गेला. ती पोचली तेव्हा सगळे बसलेले होते. आप्पांनी बाकड्यावर जागा करून दिली, माठातलं पाणी दिलं. याआधी ती त्या बाकड्यावर कधी बसली नव्हती.

“अजिंक्या तुझ्यासाठी भांडला,” आप्पा म्हणाले. “म्हनाला, ज्या गाडीला आपन पाय लावला ती परकी कशी? मला ता पटला. चढाचा बोलायचा तर तू गिऱ्हाईक कमी घेशील, झाला. आवाजाचा बोलायचा तर तू हाक मारतंस. ह्या गाड्या आता येनार, त्या थांबत नायत. आज तू हायस, उद्या आमची पोरं घेतील. नंबर द्यायचा ठरला.”

टाळ्या पडल्या. कुणीतरी ओरडलं, “मिक्सरचा पेढा पायजे!”

“फक्त एक,” आप्पा म्हणाले, आणि टाळ्या थांबल्या. “पाट्या बंद.”

सुनंदानं पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

“ऐक आधी. लायनीतली गाडी सगळ्यांची असते. पयल्या गाडीत पॅसेंजर बसला न वासानं उठला, तर तो तुझ्यावर रागवत नाय, स्टँडवर रागवतो. दुसऱ्या दिवशी फोन करून भायेरची रिक्षा मागवतो. नुकसान सगळ्या लायनीचा. गाडी धू, ट्रे काढून टाक, शाळेची पोरं घे, बँकेची मानसं घे. हलका काम. तुझ्या मानेलाबी बरा.”

शेडच्या पत्र्यावर सर वाजून गेली. सुनंदानं वर बघितलं. पत्रा कुठं गळत नव्हता. इथं बसून पाऊस ऐकता येतो, हे तिला आजच कळत होतं. शाळेची पोरं तिला आवडायची. पोरांचं वजन ते काय. चढावर गाडी एकदाही रडली नसती. घरी जाताना हाताला म्हावऱ्याचा वास आला नसता.

“आप्पा,” ती त्यांच्या आईचा विषय काढत म्हणाली, “तुमची आवस पाटी घेऊन खेडशीपर्यंत जायची ना?”

“जायची की. चालत जायची न चालत यायची.”

“ती आज जेटीवर उभी ऱ्हायली असती, भरली पाटी घेऊन, तर तुमच्या लायनीतल्या गाडीत बसवली असती तिला?”

आप्पांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. ते सरळ माणूस होते, म्हणूनच वेळ लागला.

“नसती बसवली,” ते म्हणाले. “नियम आवशीला वेगळा न दुसऱ्याच्या बायकोला वेगळा, असा चालत नाय.”

“खरा बोललात. मग मी भायेरच बरी.”

“अगो, वेडी काय तू? वरीसभर नंबर नंबर करत माझ्या मागं लागलंस...”

“मागत व्हते. अजून मागत्येय. पाटीसकट द्या, आत्ता घेते. पेढे वाटते.” ती उभी राहिली. “पाटी काढून नंबर देनार असाल तर ती गाडी माजी नाय आप्पा, तुमचीच एक आनखी झाली. तुमच्याकडं हायत की तशा. त्या बायकांना नाय म्हनायला ह्या गावात मानसं कमी हायत काय, म्हनून मी आनखी एक होऊ?”

“पावसात भिजशील त्या कोपऱ्यावर.”

“मच्छीवाली भिजली म्हनून कुनी रडलंय काय कदी?”

या वेळी कुणी हसलं नाही. ती शेडच्या कडेपर्यंत गेली आणि वळली.

“आन गाडी बंद पडली तर? पाय लावायला याल ना, का त्यालाबी नंबर लागतो?”

“त्याचा न नंबरचा काय संबंध काकी?” अजिंक्य चिडून म्हणाला. “काय पन विचारतात.”

आप्पांनी मान खाली घालून ती दोनदा होकारार्थी हलवली, आणि सुनंदानं ते पुरेसं मानलं.

---

दुसऱ्या दिवशी बंदरात माल पुष्कळ उतरला. सौंदाळे, बांगडे, कुणाच्या वाट्याला थोडी कोळंबी. सुनंदाची गाडी बर्फाच्या कोपऱ्यावर उभी होती. लायन पुढं सरकत होती, तिच्याविना. पाट्या ट्रेमध्ये बसल्या, बायका बाकांवर बसल्या, आणि गाडी गर्दीतून निघाली. “बाजू, बाबा, बाजू!”

चढाशी बायका उतरल्या. गंगुबाईही उतरायला लागली.

“तू बस गो, मावशे,” सुनंदा म्हणाली. “तुज्या एकटीच्या वजनानं काय व्हतंय?”

“सगळ्या उतरल्यात ना? मग मी काय पावनी हाय?”

“परवा कठड्यावर बसली व्हतीस ती इसरलीस?”

“तवा डोक्यावर पाटी व्हती. आज काय हाय? चल, हाक तुजी गाडी.”

गाडी चढाला लागली. गुरगुर बारीक झाली, मग जाड झाली. सुनंदानं वेग बायकांच्या पावलांइतका धरला. मागं एक मोटार आली, तिच्यामागं दुसरी, मग एक टेम्पो. भोंगे सुरू झाले. रस्त्याच्या कडेला खड्ड्यांत पाणी होतं. तिकडं घेतली असती तर गाडी बिचकली असती आणि बायकांना चिखलातून चालावं लागलं असतं. तिनं मधली बाजू सोडली नाही. मोटारवाल्यानं काच खाली केली आणि विचारलं, रस्ता तुझ्या बापाचा काय गो? मागून एका बाईनं त्याच्याकडं त्याच्याच बापाची चौकशी केली. काच वर गेली.

सुनंदानं आरशात बघितलं. बायका दोघी-दोघींनी चालल्या होत्या, हातवारे करत, एकमेकींना ढोसत. सगळ्यांच्या शेवटी गंगुबाई होती. एकटी, सावकाश, कमरेवर एक हात. दुसरा हात तिनं वर उचलून डोक्याच्या बाजूला धरला होता, बोटं वळवून, नसलेल्या पाटीची कड सांभाळत. ते तिच्या ध्यानात नव्हतं. ती पुढच्या बायकांशी मोठ्यानं काहीतरी बोलत होती, आणि पांढऱ्या केसांवर ऊन पडलेलं ते डोकं, चुंबळीविना, उघडं, चढाच्या वर वर येत होतं.

भोंगा पुन्हा वाजला. सुनंदानं गाडीचा वेग आणखी थोडा कमी केला.